कणीवर वाढवलेलं पिल्लू

आमच्या घरात कोंबड्यांचा जाणकार म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती सर्वस्वी मीच पसरवलेली आहे.

माझं लहानपण अंबरनाथजवळच्या आमच्या गावात गेलं. आता त्या गावाच्या तीन बाजूंना टॉवर उभे आहेत आणि मधल्या खळग्यात आमची जुनी घरं, पण तेव्हा शेतं होती, आणि दारात कोंबड्या होत्या. एवढं खरं. पुढचं सगळं मी बदलापूरला, शिरगावच्या फ्लॅटमध्ये, मुलगी जेवायला त्रास द्यायची तेव्हा घासागणिक वाढवत नेलं. एका घासाला दहा कोंबड्या, दुसऱ्या घासाला वीस, ताट संपेपर्यंत पन्नास कोंबड्यांनी अख्खं अंगण भरायचं. कुठली कोंबडी कधी अंडं देणार हे मी तिच्या चालीवरून ओळखायचो, आजारी पिल्लं माझ्या हातात दिली की बरी व्हायची, वगैरे. तिला काय, खरंच वाटायचं.

वस्तुस्थिती अशी की आमच्याकडे एक लाल कोंबडा होता आणि तो मला रोज सकाळी परसातल्या संडासापर्यंत पळवत न्यायचा. मग बाहेर उभा राहायचा. मी आतून आईला हाका मारायचो आणि ती झाडू घेऊन येईपर्यंत आतच बसायचो. कोंबड्यांशी माझा जवळचा संबंध तो एवढाच. हे बायकोला माहीत आहे, कारण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या वहिनीने तिला सांगितलं. मुलीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगी केमिकल इंजिनियर आहे. गेल्या वर्षी ती ओमानला गेली. समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याचा तिथे एक मोठा प्रकल्प आहे, त्यावर. आमच्या आजीचं माहेर खाडीकडचं, त्यांची मिठागरं होती. त्यामुळे हिच्या जाण्याआधी आम्ही गावी निरोप घ्यायला गेलो तेव्हा माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, पायरीवर बसून म्हणाला, "आजीच्या घरच्यांनी पाणी आटवून मीठ काढलं, आन् ही बया मीठ काढून पाणी ठेवणार. घराण्याचा धंदाच उलटा केला पोरीनं." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर बायको लेकीची बॅग भरायला बसली ती भरतच राहिली. थालीपीठाची भाजणी, मसाला, लोणचं, आणि सगळ्यांत तळाशी चार पिशव्यांत गुंडाळलेला सुका जवळा.

"जवळा कशाला?" मुलगी म्हणाली. "आई, खोलीत दुसरी मुलगी असणारे. वासानेच पळून जाईल."

"असू दे. कधी तोंडाला चव नसली तर."

प्रकल्प किनाऱ्यावर, मोठ्या शहरापासून लांब. कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांची वसाहत, भोवती तारेचं कुंपण, आत मेस, बाहेर वाळू आणि दगड. सामानाची गाडी आठवड्यातून एकदा तालुक्यासारख्या एका गावाला जाते. हे सगळं आम्हाला तिने सुरुवातीला फोनवर फिरून दाखवलं. त्यानंतर दाखवण्यासारखं काही उरलं नाही. फोन रविवारी यायचा आणि तो असा व्हायचा:

"जेवलीस का?"

"हो."

"काय होतं?"

"भात, डाळ. चिकन."

"बरं."

मग बायको इमारतीतल्या बातम्या सांगायची आणि मी मागून डोकं घालून "सगळं ठीक ना?" विचारायचो. ती "हो बाबा" म्हणायची. तिचा चेहरा आम्हाला फोनवर कळतो. त्यात काहीच नसायचं, आणि तेच बायकोला खटकायचं. फोन ठेवल्यावर ती म्हणायची, "ही पोरगी काम करते, जेवते, झोपते. बोलते कोणाशी?" मी म्हणायचो, "अगं, कामाला गेलीये, गप्पा मारायला नाही." असं म्हणून मी टीव्ही लावायचो, म्हणजे मलाही तेच वाटत होतं.

मग एका मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. रविवार नसताना. बायकोने आधी गॅस बंद केला, मग फोन उचलला. ऐकलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू बँकेने चुकून माझ्या नावावर काही जमा केलंय.

"तुम्हाला हवीये," ती म्हणाली.

आता आमच्या घरात मुलगी मला कधी मागत नाही. तिला काही सांगायचं असलं की आईला, आणि माझ्यापर्यंत ते गाळून येतं. मी शर्टाचं बटण लावून फोन घेतला.

पडद्यावर एक टॉवेल होता. टॉवेलच्या घडीत, अंगठ्याएवढं डोकं वर काढून, एक पिवळं पिल्लू बसलेलं.

झालं होतं ते असं. पिल्लांचे खोके भरलेला एक ट्रक पुढे कुठल्यातरी पोल्ट्रीकडे चालला होता. वसाहतीच्या गेटपाशी त्याचं टायर बसलं. खोके उतरवले, टायर बदललं, खोके चढवले, ट्रक गेला. आणि गेटच्या खांबाआड हे एक राहिलं. माझी लेक ड्यूटीवरून परत येत होती, तिला चिवचिव ऐकू आली.

"बाबा, ह्याला काय देऊ खायला? तुम्हाला माहीत असेल ना."

बायको माझ्याकडे बघत होती. ह्या क्षणी मी लाल कोंबड्याची गोष्ट सांगायला हवी होती. पण पोरीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काही विचारलं होतं, आणि तेही डोळे मोठे करून, सहा वर्षांची असताना घासाला विचारायची तसं. मी घसा साफ केला.

"कणी," मी म्हणालो. "तांदळाची कणी. आमच्याकडे दुसरं काही घालतच नव्हते. आणि पाणी. आणि ऊब दे, टेबललॅम्प लाव."

हे बोलताना मी खोटं बोलत नव्हतो. आई सांजच्याला सुपातून कणी टाकायची, ती मी रोज बघितलेली होती. आईने कोंबड्यांना दुसरं काही दिलेलं मला आठवत नव्हतं. दादाला फोन करून विचारलं, तोही म्हणाला, "कणीच की. आनि काय घालनार, बदाम?"

पिल्लाने कणी खाल्ली. मेसमधून आणलेला बासमती तिने स्टीलच्या मगाच्या बुडाने कुटून दिला आणि ते टकाटक खायला लागलं. बुटांच्या खोक्यात टेबललॅम्पखाली त्याची खोली झाली. वसाहतीत प्राणी पाळायला मनाई, म्हणून खोका पलंगाखाली. खोलीतली दुसरी मुलगी केरळची. ती म्हणाली, "दोन महिन्यांनी मी ह्याची करी करणार," आणि दुसऱ्या दिवसापासून तीच त्याचं पाणी बदलायला लागली.

आता फोन रोज यायचा. आमचा संध्याकाळचा चहा त्यावर ठरायला लागला. ती खोका समोर धरायची आणि आम्ही बदलापुरात बसून ओमानातलं पिल्लू खाताना बघायचो. बायको त्याला "ए, हळू, घशात अडकेल," म्हणायची. पिल्लाच्या नादाने बाकीचंही बोलणं व्हायला लागलं. मेसचा आचारी गुपचूप तांदूळ कसा देतो, साहेब खोलीत आले तेव्हा केरळची मुलगी कशी मुद्दाम खोकत राहिली. पोरगी हसायची. एकदा हसताना तिने फोनच पाडला. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात गोड होतं.

माझा भाव तर विचारू नका. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचं एक युनिट आहे, तिथे मी हिशेब बघतो. तिथल्या शिलाई मशीनवरच्या माणसांनाही मी पिल्लाचा रोजचा वृत्तांत सांगायला लागलो. शेठ सिंधी, मजेशीर माणूस. येता-जाता विचारायचा, "साईं, आपकी मुर्गी का क्या हाल?"

आणि मग एका संध्याकाळी पिल्लू खात नव्हतं. बसलं होतं. तिने हाताने उभं केलं तर ते पुन्हा बसलं, पण पावलांवर नाही, घोट्यांवर. पायाची बोटं आत मुडपून मूठ आवळल्यासारखी झालेली.

"बाबा, हे असं का करतंय?"

"थंडी," मी म्हणालो. "तुमच्याकडे एसी असतो ना. लॅम्प जवळ घे."

तिने लॅम्प जवळ घेतला. दुसऱ्या दिवशी पिल्लू तसंच. बरणीच्या झाकणात पाणी ठेवलेलं, तिथपर्यंत जायचं तर ते पंख टेकून, घसरत. आणि ओरडत राहायचं. त्या आवाजाने तिला झोप लागत नव्हती, पण झोपेबद्दल ती काही म्हणाली नाही. "ते मरणार नाही ना?" एवढंच म्हणाली, आणि हे विचारताना कॅमेरा पिल्लाकडे फिरवला, म्हणजे आम्हाला ती दिसू नये.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आता तुमच्या पन्नास कोंबड्यांतली एखादी आठवा. कुठलीचे असे पाय झाले होते?"

तिने ताटं मांडली. मग पुन्हा म्हणाली, "ते गेलं ना, तर ही परत रविवारची होईल."

हे तिने टोमणा म्हणून नाही म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत कॅम्प तीनच्या बाजारात पिल्लांचं खाद्य शोधायला निघालो. चेन, बटणं, लेबलं, धागा, जीन्सला लागणारं काय वाट्टेल ते तिथे हाताच्या अंतरावर मिळतं. कोंबडीचं म्हटलं की मात्र प्रत्येक जण पुढच्या चौकाकडे बोट दाखवायचा. शेवटी मासे आणि पोपट विकणारं एक दुकान सापडलं. गल्ल्यावर जाडसर काका.

"पिल्लांचं खाद्य आहे का? एकदम छोट्या."

"है ना साईं. कितने पीस?"

"एक."

"एक हजार?"

"नाही हो. एक. एकच."

काकांनी चष्मा वर केला. "एक चूजे के लिए खाद्य? साईं, फिर तो अंडा ले जाओ, वो भी नहीं खाता कुछ."

तरी त्यांनी आतून एक पिशवी काढून दिली. पिल्लाने जन्मभर खाल्लं तरी संपली नसती. मी ती छातीशी धरून शेअर रिक्षात बसलो. शेजारच्या बाईंनी वास घेतला आणि पदर नाकाला लावला. तिथून थेट परदेशी पार्सलवाल्याकडे. काउंटरवरच्या मुलीने पिशवी बघितली आणि म्हणाली, "काका, हे नाही जाणार. जनावरांचं खाणं घेत नाहीत. पापड, लोणचं, चिवडा असेल तर द्या."

"समजा चिवडा म्हणून दिलं?"

"काका," ती समजुतीने म्हणाली, "मला इथे वास येतोय."

तिकडे लेकीने सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. तो गावातून येताना पोपटाचे दाणे घेऊन आला, कारण त्या दुकानात पक्षी म्हणजे पोपट, आणि बाकी सगळं उंट-बकऱ्यांसाठी पोत्याने. पिल्लाने पोपटाच्या दाण्यांना चोचही लावली नाही. परत कणी. दोन्हीकडे पिशव्या पडलेल्या आणि मधे ते घसरत चाललेलं.

रविवारी मी पिशवी उचलून गावी गेलो. म्हटलं, निदान वहिनीच्या कोंबड्या तरी खातील. टॉवरच्या सावलीत का होईना, वहिनीने अजून कोंबड्या ठेवल्यात. बिल्डरच्या माणसांशी भांडून परसाचा तुकडा राखलाय तो त्यांच्यासाठीच, असं दादा म्हणतो.

मी अंगणात उभा राहून पिशवी फाडली आणि मूठभर खाद्य फेकलं. अगदी दानशूरासारखं, हात लांब करून. कोंबड्या धावत आल्या, चार-सहा दाणे टिपले, आणि घराच्या मागे निघून गेल्या. मी अजून एक मूठ फेकली. एक मागे राहिली होती, तीही गेली.

ओट्यावर मासळी साफ करत बसलेली वहिनी हसायला लागली. "त्यांची प्वाटं भरलीत भावोजी. सकालपासून परसात हायत."

"पोटं भरली? अगं, कणी तर तू संध्याकाळी घालतेस ना?"

"कनी?" तिने सुरी खाली ठेवली. "ती सांजच्याला घरी येवाला. कनी टाकून हाक मारली म्हंजे खुराऱ्यात येतात. नायतर कोन येतंय? त्यावर काय त्या जगतात?"

मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. पन्नाशी उलटली, जन्मभर कोंबड्यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि कोंबड्या दिवसभर काय खातात हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. आईने दिलेलं तेवढं दिसलं. बाकीचं त्यांचं त्या बघायच्या, म्हणून ते आमच्या हिशेबातच नव्हतं. दादाच्याही नव्हतं. तो आतून चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला विचारलं, "त्या मागे जाऊन काय खातात रे?" तर म्हणाला, "मना काय माहीत? मी कवा गेलोय त्यांच्यासंगती?"

म्हणून मी गेलो. लेकीला व्हिडीओ कॉल लावला, फोन पुढे धरला, आणि इस्त्रीच्या पँटमध्ये कोंबड्यांच्या मागे चालू लागलो.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"शू. बघ फक्त. आणि लिहून घे."

एक कोंबडी उकिरड्यावर चढली आणि दोन्ही पायांनी उकरायला लागली. त्यातून पांढऱ्या अळ्या निघाल्या. दुसरी कुजलेल्या फळीपाशी, तिथे वाळवी. तिसरी माठाच्या वाफ्यात शिरून पानं ओरबाडत होती. एक माझ्या पुढ्यातच नाकतोड्यामागे उडाली, आणि मी मागे सरताना वांग्याच्या झाडावर बसलो. मग वहिनीने ओट्यावरून कोळंबीची सालं आणि मासळीची आतडी भिरकावली, तेव्हा सगळ्याच तिकडे पळाल्या आणि त्यावरून भांडल्या. फोनमधून लेकीचा आवाज येत होता, "हे काय आहे? परत दाखवा. जवळ घ्या ना." कोंबडा होताच. तांबडा नाही, काळा, पण नजर तीच. मी त्याच्या आणि माझ्या मधे एक बादली ठेवून काम उरकलं.

"भावोजी, कोंबऱ्यांच्या मागं कनाला फिरताव?" वहिनी ओरडली. "परत संडासात बसाल हां!"

मग लेक म्हणाली, "बाबा, काकी काय म्हणाली? संडासात का बसाल?"

"नंतर सांगतो," मी म्हणालो. "तू आधी हे बघ. हे सगळं तुझ्या खोक्यात नाहीये."

ते तिला माझ्याआधी कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्याला नुसता भातच देत होते."

"मी द्यायला लावला," मी म्हणालो. "तू नाही."

पत्र्याच्या खोलीत अळ्या, वाळवी, नाकतोडे आणायचे कुठून? वाळूत गवताचं पातंही नाही. ती एकेक नाव घेऊन "हे नाही, हे पण नाही" म्हणत होती. तेवढ्यात वहिनी मासळीचे हात तसेच घेऊन आली आणि फोनमध्ये डोकावली. "ए बाय, तुझ्या आयशीने जवला दिला होता ना बांधून? का टाकलास?"

टाकला नव्हता. बॅगेच्या तळाशी, चार पिशव्यांत, तसाच होता.

त्या संध्याकाळी ओमानातल्या त्या खोलीत पहिल्यांदा जवळ्याची पिशवी उघडली. केरळच्या मुलीने पळून न जाता नाक पुढे केलं आणि म्हणाली, "हे आमच्याकडेही असतं! इतके दिवस लपवून ठेवलंस?" दोघींनी तो धुतला, पुन्हा सुकवला, कुटून भुगा केला. मेसमधून उकडलेल्या अंड्याचा बलक आणि कोथिंबीर. अंड्याचं ऐकून बायकोने कानाला हात लावला. "कोंबडीच्या पिल्लाला अंडं? त्याला काय सांगायचं, हे कोण म्हणून?" पण मग तीच म्हणाली, "दे. त्याला कुठे कळतंय." लेकीने वसाहतीच्या दवाखान्यातल्या ब्रदरलाही जाऊन विचारलं. म्हणजे आमच्या पिल्लाचं गुपित तिने स्वतःच फोडलं. तो ओरडला नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, एकीचा चिमूटभर चुरा पाण्यात घालायला सांगितला, आणि म्हणाला, बोटं मुडपून फार दिवस झाले असतील तर सांगता येत नाही.

सांगता येत नाही, हे आम्हा दोघांच्या डोक्यात बसलं. रोज फोन यायचा. ती पिल्लाला बोटांवर उभं करायची, ते बसायचं. जवळा मात्र भसाभस खायचं. दुसरं काही समोर ठेवलं तर आधी जवळा वेचून काढायचं, अगदी आमच्या दादासारखं. मी युनिटवर पिल्लाचा वृत्तांत सांगणं बंद केलं. शेठने एकदा विचारलं, मग माझं तोंड बघून त्याने विषय बदलला.

एक दिवस फोन आला. तिने खोका समोर धरला. पिल्लू बसलेलं. मग ते उठलं. एक पाय सरळ पडला, दुसरा थोडा वाकडा, आणि ते झाकणापर्यंत चालत गेलं, पाणी प्यायलं, मान वर केली. मागे केरळच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. बायकोने पदराने चष्मा पुसला. माझा. स्वतःचा तिने घातलेलाच नव्हता.

पाय कशाने सुटले ह्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. लेक म्हणते गोळ्यांनी. बायको म्हणते जवळ्याने, आणि जवळा कोणी दिला होता ते विसरू नका. दादा म्हणतो, आपोआप. मी वांग्याच्या झाडाचा उल्लेख करतो, पण तो कोणी धरत नाही.

जवळा संपत आला तसा पुढचा प्रश्न आला. आणि इथे लेकीने आम्हाला विचारलं नाही. वसाहतीपासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती आहे. तिथे वाळूवर लहान मासळी वाळत घालतात, उंटांना आणि गुरांना खायला. रोज कामावर जाता-येता बसमधून तिला ती दिसत होती. पण कामाशिवाय कुंपणाबाहेर ती कधी पाय टाकत नव्हती. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, ती आणि केरळची मुलगी ड्रायव्हरला घेऊन तिथे गेल्या. पिल्लू खोक्यात बरोबर. भाषा येत नव्हती, म्हणून खोकाच उघडून दाखवला.

त्यानंतर काय झालं ते तिने आम्हाला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं, त्यावरून ती माझी मुलगी आहे हे सिद्ध होतं. सगळ्यांत समान भाग एवढा: एका म्हाताऱ्या बाईने पिल्लू हातात घेतलं, वाकडा पाय उलटा करून बघितला, खूप हसली, मूठभर सुकी मासळी दिली, आणि ह्या दोघींना बसवून कॉफी आणि खजूर दिले. तिच्या मागच्या अंगणात कोंबड्या होत्या.

पिल्लाला पिसं फुटून ते पलंगाखाली मावेनासं झालं, तेव्हा ते त्या अंगणात गेलं. ठेवून आली त्या दिवशी लेकीचा फोन लहान झाला. बायकोने विचारलं, "रडलीस का?" तर म्हणाली, "नाही. ते मागे बघायलाच तयार नव्हतं. सरळ उकरायला लागलं."

आता फोन पुन्हा रविवारी येतो. कधी तोही चुकतो, मग सोमवारी निरोप येतो की काल वस्तीवर लग्न होतं, आई. ती त्या म्हाताऱ्या बाईकडून मासळी साफ करायला शिकते आहे. फोटो पाठवते, त्यात ती असते, केरळची मुलगी असते, चार अनोळखी बायका असतात, आणि कोपऱ्यात कुठेतरी एक वाकड्या पायाची पांढरी कोंबडी. बायको फोटो मोठा करून करून बघते. रविवारी फोन आला नाही की मी टीव्ही लावतो. पण आता बायको मला काही विचारत नाही आणि मीही तिला काही समजावत नाही.

पाच वाजले की चहा मात्र आम्ही दोघं फोन मधे ठेवूनच पितो.

परवा फोन आला. बायकोने घेतला.

"जेवलीस का?"

"हो आई."

पूर्वी मी ह्यावरून तिची चेष्टा करायचो. रोज तेच काय विचारतेस, तिकडे मेस आहे. आता नाही करत. मी मान पुढे घातली आणि म्हणालो, "बरं, आज कुठे कुठे फिरलीस ते सांग."

"बाबा, किती वेळ आहे तुमच्याकडे?" ती म्हणाली.

बायकोने गॅस बारीक केला.